मधली रेघ

जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, अर्ज ईमेलने.
हा लिफाफ्यातून आला, तिकीट तिरकं,
आत एकच पान : अर्डिस टोलफ्सन.
पद, दुय्यम साहाय्यक प्रशिक्षक.
पगार मीच ठरवलेला,
ठरवताना मान खाली घालून.
ओळखीचं कोण, या रकान्यात
तिनं माझंच नाव लिहिलं होतं.

पहिली ओळ आयोवाची.
तिथे तेव्हा मुलींचा खेळ सहाजणींचा :
तिघी पलीकडे, बास्केट करायला,
तिघी अलीकडे, अडवायला,
आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही.
सगळं मैदान धावलं तर मुलींच्या काळजाला सोसणार नाही
असं कुणी डॉक्टर म्हणाला होता म्हणे.
पहाटे चारला गोठ्यात धारा काढणाऱ्या त्याच मुलींबद्दल
त्याचं काही मत नव्हतं.

अर्डिस अडवणारी. चार वर्षं. गुण शून्य.
चेंडू हिसकवायचा, रेघेपर्यंत आणायचा,
पलीकडच्या हातात द्यायचा
आणि बुटाचं टोक रेघेला लावून
स्वतःच्याच सामन्याची प्रेक्षक व्हायचं.

पुढे नुसतं 'साउथ डकोटा, १९७४'.
व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बास्केटबॉल,
वर पोहण्याचा तास आणि या सगळ्याला मिळून एक पगार,
हे पानावर नाही.
मोटेलच्या टबात पिळलेले बारा गणवेश नाहीत.

मला ती भेटली नेब्रास्कात, अठ्ठ्याऐंशी साली,
पहाटे साडेपाचच्या सरावाला,
कारण दुपारचा हॉल मुलांचा होता.
व्हॅनही तीच चालवायची,
बर्फात, झोप लागू नये म्हणून काच खाली करून,
सूर्यफुलाच्या बिया चावत,
मागे आम्ही अकराजणी एकमेकींच्या खांद्यांवर कलंडलेल्या.
'डोळ्यांकडे बघू नकोस, प्रूइट,
डोळे थापा मारतात. कंबर बघ.'
लग्न ठरवतानाही हा सल्ला कामी आला असता.
ऐकला नाही. ते जाऊ दे.

शहाण्णव : चार जिंकले, बावीस हरले.
संचालकांनी दार लोटून घेतलं
तेव्हाच बाहेर सगळ्यांना कळलं.
चावी शिपायाकडे द्यायची होती.
तिनं आधी पंप आणला
आणि रॅकवरच्या एकेका चेंडूत हवा भरली,
नंतर येणाऱ्यासाठी.
येणारा पुरुष होता, एवढंच सांगते.

मग पानावर पाच वर्षं कोरी.
त्या कोऱ्या जागेत तिची आई आहे,
लेकीला 'बाई, तुम्ही कोण' विचारणारी,
आणि धान्याच्या कोठाराबाहेरचा वजनकाटा,
जिथे ती मक्याचे ट्रक मोजायची.
त्यानंतर कॅन्ससमधलं एक चिमुकलं कॉलेज.
त्यांनी पुढे मुलींचा संघच बंद केला.

मुलाखतीत मी विचारलं,
या वयात, ही नोकरी, का?
ती म्हणाली, 'तुझ्या पोरी डावीकडे उशिरा वळतात.'
मी सही केली.

ऑक्टोबरात एकीचा घोटा मुरगळला,
सरावाला दहावी कमी पडली.
अर्डिस उतरली. वय सहासष्ट,
दोन्ही गुडघ्यांना पट्टे.
आणि कशी कोण जाणे,
रेघेच्या पार पलीकडे, बास्केटखाली,
अवतीभवती कुणी नाही
आणि चेंडू तिच्या हातात.
टाका, कोच, टाका! पोरी ओरडल्या.
तिनं एकदा वर पाहिलं, जाळीकडे.
मग चेंडू काखेत मारून
सावकाश वळली
आणि पहिल्या वर्षाच्या त्या भांबावलेल्या पोरीवर कडाडली,
'मला मोकळी सोडलीसच कशी?'

शिट्टी माझ्या दातांत होती.
फुंकायची राहून गेली.